घरातील उपद्रवी जीव : ओळख आणि पारख

मनुष्य घर बांधतो ते ऊन, वारा व पाऊस यांपासून आपले रक्षण व्हावे म्हणून. परंतु ऊब, अंधार, आडोसा, ओलावा आणि साठविलेले अन्न या ज्या गोष्टी घरामुळे एकत्र येतात, त्या इतर पुष्कळ प्राण्यांनाही हव्या असतात. म्हणून मनुष्य स्थिर वस्ती करू लागला तेव्हापासून काही कीटक आणि काही कृंतक, म्हणजे सतत कुरतडणारे प्राणी, त्याच्या घरात बिऱ्हाड करून राहिले आहेत. त्यांपैकी काही अन्न नासवितात, काही वस्त्रे व पुस्तके खातात, काही घराचे लाकूड पोखरतात आणि थोडे रोगांचे वाहक असतात. काही मात्र दिसावयास किळसवाणे असले तरी निरुपद्रवी किंवा उपकारकही असतात.

सामान्यतः घरात किडा दिसला की प्रथम विषारी औषध आणले जाते आणि तो किडा कोणता याचा विचार मागाहून होतो, किंवा होतच नाही. हा क्रम उलटा आहे. चुकीच्या ओळखीवर केलेला उपाय लागू पडत नाही, हा त्यातील पहिला तोटा. दुसरा तोटा असा की, विष अन्नात, पाण्यात व मुलांच्या हाती जाण्याचा धोका विनाकारण वाढतो. आणि तिसरा तोटा या पुस्तिकेच्या उत्तरार्धात आलेल्या प्लेगच्या इतिहासावरून कळून येईल : दोन जीव एकच आहेत असे मानल्यामुळे रोगाचे कारणच दृष्टीआड होते. डास व माश्या यांचा विषय मोठा असून स्वतंत्र विवेचनाचा आहे. म्हणून तो येथे घेतलेला नाही.

प्राणी दिसत नाही, खूण दिसते

घरातील बहुतेक उपद्रवी जीव निशाचर असतात. त्यामुळे त्यांची ओळख पुष्कळदा प्रत्यक्ष प्राण्यावरून नव्हे, तर त्याने मागे ठेवलेल्या खुणांवरून करावी लागते. विष्ठा, भुसा किंवा पीठ, छिद्रांचा आकार, टाकलेली कात, गळून पडलेले पंख, वास आणि पावलांचे ठसे या त्या खुणा होत. त्यांच्या निरीक्षणासाठी विजेरी, साधे भिंग, मोजपट्टी, पांढरा कागद आणि झाकणाची लहान बाटली एवढी सामग्री पुरेशी आहे. संशयाच्या जागी रात्री रांगोळीची पूड पातळ पसरून ठेवली असता सकाळी तीवर पावलांचे व शेपटीचे ठसे उमटलेले दिसतात.

विष्ठेचे उदाहरण घेतल्यास खुणांचे मोल पटेल. फडताळात काळसर लेंड्या दिसल्या की उंदीर झाले असे मानले जाते. पण लेंडीच्या एका टोकास पांढरा ठिपका असेल तर ती पालीची असते, आणि पाल तर किडे खाणारी. मोठ्या झुरळाची विष्ठा बोथट असून भिंगाखाली तिच्यावर उभ्या रेषा दिसतात. लहान उंदराच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, ३ ते ६ मिलिमीटर लांब व टोकदार असतात. मोठ्या घरउंदराच्या लेंड्या सुमारे १२ मिलिमीटर लांब व किंचित वक्र असतात. ताजी लेंडी मऊ व चकचकीत असते, जुनी कोरडी व भुरकट असते. तेव्हा उपद्रव चालू आहे की होऊन गेला आहे, हेही त्यावरून कळते.

स्वयंपाकघरातील झुरळे

झुरळ सर्वांच्या परिचयाचे असते. पण घरात आढळणारी सर्व झुरळे एका जातीची नसतात, हे फार थोड्यांच्या ध्यानात आलेले असते. मोरीतून रात्री बाहेर पडणारे, तांबूस तपकिरी रंगाचे, ३५ ते ४० मिलिमीटर लांबीचे झुरळ हे ‘अमेरिकन’ झुरळ होय. नाव अमेरिकन असले तरी ते मूळचे आफ्रिकेतील. याचे खरे निवासस्थान गटारे, नळांचे खड्डे व ओलसर तळघरे हे असून घरात ते अन्नाच्या शोधार्थ येते. मादी सुमारे १५ अंड्यांची गर्द रंगाची पुडी तयार करते आणि ती एखाद्या फटीत चिकटवून निघून जाते.

दुसरे झुरळ याहून पुष्कळ लहान, १२ ते १५ मिलिमीटर लांब, फिकट तपकिरी असून त्याच्या मानेवरील ढालीवर दोन उभ्या काळ्या पट्ट्या असतात. हे ‘जर्मन’ झुरळ. याची मादी अंड्यांची पुडी पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारापर्यंत शरीराच्या टोकास धरून वावरते, आणि एका पुडीतून ३० ते ४० पिल्ले निघतात. हे झुरळ गटारात राहत नाही. ओट्याखालची फट, शीतकपाटाच्या यंत्राजवळची उबदार जागा, फडताळाचे बिजागर असा ठाव धरून ते अन्नापासून चार पावलांवरच राहते.

लिनिअसने १७६७ मध्ये या झुरळाला जर्मनीचे नाव दिले. तथापि त्याचे मूळ तेथे नाही. निरनिराळ्या देशांतील झुरळांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमार या प्रदेशात एका रानझुरळापासून ही जात निर्माण झाली आणि मनुष्यवस्तीशी जुळवून घेत व्यापारी मार्गांनी जगभर पसरली. म्हणजे परक्या नावाचे हे झुरळ बहुधा आपल्याच शेजारचे आहे.

या दोन झुरळांचा उपाय एक नाही. मोठ्या झुरळासाठी मोरीला बारीक जाळी बसविणे, नळाभोवतालची भोके बुजविणे आणि रात्री मोरी कोरडी ठेवणे हा मुख्य उपाय होय. लहान झुरळासाठी मोरीत कितीही औषध ओतले तरी ते व्यर्थ जाते, कारण ते तेथे नसतेच. त्याच्यासाठी फटींच्या तोंडाशी विषारी आमिषाचे लहान ठिपके ठेवतात. त्याच वेळी सभोवार औषध फवारल्यास झुरळे बिथरून दुसऱ्या खोल्यांत पांगतात व आमिषाला तोंड लावीत नाहीत.

कोठीतील धान्य

धान्याच्या किडीला टोके, पोरकिडे, सोंडे अशी नावे प्रदेशपरत्वे सरसकट दिली जातात. वस्तुतः यांत निदान चार प्रकार ओळखता आले पाहिजेत.

पहिला सोंडकिडा. हा ३ मिलिमीटरांच्या आसपास लांब, गर्द तपकिरी, पाठीवर चार फिकट ठिपके असलेला भुंगेरा असून त्याचे तोंड सोंडेसारखे पुढे आलेले असते. मादी दाण्यात छिद्र पाडून त्यात अंडे घालते व छिद्र बुजविते. अळी दाण्याच्या आतच वाढते. म्हणून बाहेरून निर्दोष दिसणारे तांदूळ वा गहू आतून पोकळ असू शकतात. ते पाण्यात टाकले असता तरंगतात.

दुसरा पिठातील तांबडा भुंगेरा. याला सोंड नसते. अखंड दाणा याला फोडता येत नाही. तो पीठ, रवा, कणी व आधीच किडलेले धान्य यांवर जगतो. याच्या शरीरातून स्रवणाऱ्या द्रव्यामुळे पिठाला उग्र वास येतो. गव्हात हा भुंगेरा पुष्कळ दिसला तर गहू आधीच दुसऱ्या किडीने फोडलेला किंवा तुटलेला आहे, असे समजावे.

तिसरा कडधान्याचा भुंगेरा. मूग, चवळी, हरभरा, तूर यांच्या दाण्यावर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती याची अंडी होत, आणि वाटोळे भोक हे प्रौढ कीटक बाहेर पडल्याची खूण होय. याची लागण पुष्कळदा शेतातील शेंगांवरच होते. त्यामुळे घट्ट झाकणाच्या डब्यातही ‘किडे आले कोठून’ असा प्रश्न पडतो. ते बाहेरून आलेले नसून दाण्याबरोबरच डब्यात गेलेले असतात. दाण्यांना खाद्य तेलाचा पातळ हात दिल्यास अंड्यांची वाढ खुंटते, आणि कडधान्याची डाळ करून ठेवल्यास उपद्रव बराच कमी होतो.

चौथा खपरा. हा सर्वांत घातक. प्रौढ भुंगेरा २ ते ३ मिलिमीटर लांब असून उडत नाही. नुकसान करते ती त्याची तपकिरी केसाळ अळी. धान्याच्या वरच्या थरात केसाळ कातींचा खच पडलेला दिसला की खपरा ओळखावा. वायव्य भारतातील उष्ण व कोरड्या प्रदेशांत याचे विशेष प्राबल्य असून, ‘खपरा’ हे आपल्याकडील नावच आता जगातील शास्त्रीय व्यवहारात रूढ झाले आहे. धान्यातून हा कीटक येऊ नये म्हणून अनेक देश बंदरांवर कडक तपासणी करतात.

सोंडकिडा व खपरा यांतील भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. धान्य कडक उन्हात वाळवून त्यातील ओलावा शेकडा १० च्या खाली आणला तर सोंडकिड्याची वाढ जवळजवळ थांबते. खपऱ्याची अळी मात्र शेकडा २ इतका अल्प ओलावा असलेल्या धान्यातही वाढू शकते, आणि अन्न न मिळाल्यास कोठाराच्या फटीत निद्रिस्त होऊन दीर्घ काळ तग धरते. म्हणून खपऱ्याच्या बाबतीत धान्य वाळविणे पुरेसे नाही. रिकामी कोठी, जुनी पोती आणि भिंतींच्या भेगा साफ केल्याविना नवे धान्य त्या जागी भरणे म्हणजे त्याला आयते अन्न पुरविणे होय.

लाकूड, पुस्तके आणि वस्त्रे

वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणतात. परंतु वाळवी मुंगी नव्हे. शास्त्रीय वर्गीकरणात तिचे जवळचे नाते झुरळाशी आहे. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखांचे किडे गर्दी करतात. त्यांत वाळवी कोणती व मुंगी कोणती हे तीन खुणांवरून ठरविता येते. मुंगीची कंबर अगदी बारीक असते, वाळवीची जाड असते. मुंगीच्या शृंगिका, म्हणजे मिशा, कोपरात वाकलेल्या असतात. वाळवीच्या मण्यांच्या सरीसारख्या सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे असून ते सहज गळून पडतात. दिव्याखाली पडलेले पंख बाहेरून आलेल्या थव्याचेही असू शकतात. पण भिंतीच्या किंवा चौकटीच्या भेगेतूनच थवा निघताना दिसला तर वसाहत घरात आहे, असे निश्चित समजावे.

लाकूड खाणारी सर्वच कीड वाळवी नसते. जमिनीतील वाळवी उजेड व कोरडी हवा टाळते, म्हणून ती भिंतीवरून मातीच्या नळ्या बांधीत लाकडापर्यंत पोहोचते. नळी थोडी फोडून ठेवावी. एकदोन दिवसांत ती पुन्हा बांधली गेली तर वसाहत जिवंत आहे. याउलट खुर्ची, बांबू किंवा पलंग यांखाली मैद्यासारखे बारीक पीठ सांडत असेल आणि लाकडावर लहान वाटोळी छिद्रे असतील, तर ते लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे काम होय. संस्कृतात या किड्याला ‘घुण’ म्हणतात. त्याच्या कुरतडण्याने लाकडावर योगायोगाने अक्षरासारखी आकृती उमटते, यावरून ‘घुणाक्षरन्याय’ हा शब्दप्रयोग आला. सांडलेले कण पिठासारखे नसून खसखशीसारखे सुटे, सहा कडांचे असतील, तर ती कोरड्या लाकडातच राहणाऱ्या वाळवीची विष्ठा असते. पहिल्या प्रकारात घराभोवतालच्या जमिनीवर उपाय करावा लागतो, उरलेल्या दोहोंत त्या लाकडावर. भुंगेऱ्याने पोखरलेल्या खुर्चीसाठी सारी जमीन खोदून विष ओतणे हा निव्वळ अपव्यय होय.

ग्रंथालयांना ‘कसर’ हा शब्द परिचित आहे. पण बोलीत तो दोन भिन्न कीटकांना लावला जातो. पुस्तके व चित्रांच्या चौकटी यांमागे सळसळत पळणारा, रुपेरी खवल्यांचा, बिनपंखी, शेपटीकडे तीन लांब तंतू असलेला कीटक ही एक कसर. तिला बांधणीची खळ व कागदाचा गुळगुळीत पृष्ठभाग आवडतो. ती कागद वरून खरवडते. लोकरी व रेशमी कपड्यांतील कसर ही लहान फिकट पतंगाची अळी होय. प्रौढ पतंग काहीच खात नाही. भोके पाडते ती अळी. लोकर, रेशीम, केस व पिसे यांवर ती जगते. तेव्हा निव्वळ सुती, खळीच्या कपड्याला भोक पडले तर दोष पतंगावर न ठेवता रुपेरी कसर किंवा झुरळ यांचा शोध घ्यावा. पुस्तकाच्या पानांतून आरपार गेलेले वाटोळे भोक मात्र यांपैकी कोणाचेही नसते. ते ग्रंथ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे असते.

पावसाळ्यात पानांवर धावणारे, मिलिमीटरभर लांबीचे फिकट जीव दिसतात. ते मुख्यतः बुरशी खातात. त्यांचे दिसणे ही जागा ओलसर असल्याची सूचना समजावी. अशा वेळी विषापेक्षा खिडकी उघडणे अधिक गुणकारी ठरते.

अंथरुणातील ढेकूण

ढेकूण चपटा, अंडाकृती, तांबूस तपकिरी व बिनपंखी असतो. पिल्लू प्रौढ होईपर्यंत पाच वेळा कात टाकते, आणि प्रत्येक वेळी त्यास रक्त मिळावे लागते. भारतात उष्ण कटिबंधातील जातीचे प्राबल्य आहे. केवळ अंगावरील गांधींवरून ढेकणाचा निर्णय करू नये. पिसवांच्या व डासांच्या चाव्यानेही गांधी उठतात. गादीची शिवण, खाटेचे सांधे, बाजेच्या सुंभाची वीण आणि भिंतीवरील चित्रांच्या मागील बाजू तपासाव्या. शाईचे थेंब टिपकागदावर फुटावेत तसे काळे डाग, फिकट काती व पांढरी बारीक अंडी दिसली की ओळख पक्की झाली.

ढेकणामुळे माणसांत रोग पसरतो असे सिद्ध झालेले नाही. परंतु निद्रानाश, खाज व मनःस्ताप हा उपद्रव लहान नव्हे. डीडीटीने ढेकणांचा नायनाट होईल असे एके काळी वाटले होते. पण १९४७ मध्येच हवाई बेटांवर त्या औषधाला दाद न देणारे ढेकूण आढळले आणि पुढे ते जगभर दिसू लागले. उष्णता मात्र अजूनही विश्वसनीय आहे. सुमारे ५० अंश सेल्सिअस उष्णतेत ढेकूण व त्याची अंडी थोड्याच वेळात मरतात. म्हणून कढत पाण्यात कपडे भिजविणे आणि खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतणे हे जुने उपाय शास्त्रास धरूनच आहेत. गादी उन्हात टाकताना मात्र ढेकूण सावलीच्या बाजूस सरकतात, हे लक्षात ठेवून ती वरचेवर उलटावी.

उंदीर, घूस आणि चिचुंद्री

कृंतकांचे पुढचे दात, म्हणजे पटाशीचे दात, जन्मभर वाढत असतात. कुरतडण्याने ते झिजतात व धारदार राहतात. म्हणून उंदीर खाद्य नसलेल्या वस्तूही कुरतडतो. विजेच्या तारांवरील आवरण कुरतडले गेल्यास आगीचा धोका उत्पन्न होतो.

भारतातील घरांत मुख्यतः तीन प्रकार आढळतात. लहान घरउंदराचे शरीर ७ ते ९ सेंटिमीटर लांब असते. मोठ्या काळ्या उंदराचे शरीर १५ ते २० सेंटिमीटर, कान मोठे, नाकाड निमुळते आणि शेपूट शरीराहून लांब असते. तो उत्तम चढतो व आढ्यात, माळ्यावर वा झाडावर राहतो. घूस थोराड, आखूड तोंडाची असून तिची शेपूट शरीराहून लांब नसते. ती जमिनीत बिळे खणते व तोंडाशी मातीचा ढीग टाकते. इंग्रजीतील ‘बँडिकूट’ हे तिचे नाव ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्करउंदीर, या तेलुगू शब्दावरून आले आहे. कलकत्त्याच्या धान्यगोदामांत लहान जातीच्या घुशीचेच प्राबल्य असल्याचे १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. याखेरीज मुंबई, कलकत्ता यांसारख्या बंदरांत तपकिरी गटारउंदीर आढळतो. मोठ्या उंदराचे पिल्लू व लहान उंदीर यांत घोटाळा होतो. पिल्लाचे डोके व पाय शरीराच्या मानाने मोठे असतात, ही खूण ध्यानात ठेवावी.

स्वभावभेद जाणल्यावाचून सापळा यशस्वी होत नाही. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून सापळा काही दिवस न लावता नुसते खाद्य ठेवून मांडून ठेवावा आणि त्याचा विश्वास बसल्यावर मग लावावा. लहान उंदीर उलट जिज्ञासू असतो व अनेक जागी थोडे थोडे खातो. त्याच्यासाठी पुष्कळ लहान सापळे मांडून त्यांच्या जागा बदलाव्या. काळ्या उंदरासाठी माळ्यावर, तर घुशीसाठी बिळाच्या वाटेवर सापळा हवा. लहान उंदराला शिसपेन्सिलीएवढ्या जाडीची फटही पुरते. तेव्हा दाराखालची फट पत्र्याने बंद करताना हे माप विसरू नये.

चिचुंद्री उंदीर नव्हे. तिचे नाकाड लांब व हलते, डोळे बारीक आणि वास कस्तुरीसारखा उग्र असतो. उंदराच्या पुढच्या पायास चार बोटे उमटतात, चिचुंद्रीच्या पाच. पिल्ले एकमेकांना तोंडाने धरून आईमागे रांगेने चालतात. तिचे मुख्य अन्न झुरळे व इतर किडे हे आहे. वास व घाण यामुळे ती घरात नको असल्यास तिला हाकलावे. पण उंदीर समजून तिला विष घालणे म्हणजे झुरळांचा शत्रू आपल्या हाताने मारणे होय.

उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू पाण्यात मिसळतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाचे पुष्कळ रुग्ण आढळले. पायावर जखम असता साचलेल्या पाण्यातून चालणे टाळावे, हा उपदेश त्यासाठीच केला जातो.

पिसवांची ओळख आणि प्लेगचे कोडे

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसे मरण्यापूर्वी उंदीर मरून पडतात, हे लोकांच्या ध्यानी आले होते; परंतु रोग उंदराकडून माणसाकडे कसा येतो हे कळत नव्हते. कराची येथे १८९८ मध्ये पॉल लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने प्रयोग करून त्याचे कारण पिसू असल्याचे सांगितले. पण त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन मंडळाने त्याची खातरजमा केली. प्लेगग्रस्त घरांत गिनीपिगांचे पिंजरे ठेवले असता, ज्यांवर पिसवा पोहोचू शकत होत्या ते प्राणी आजारी पडले, आणि बारीक जाळीने किंवा उंच टांगून ज्यांना पिसवांपासून दूर ठेवले होते ते वाचले.

तरी एक कोडे उरलेच. मद्रास शहरात उंदीर होते, पिसवा होत्या, बाहेरून रोगीही येत. पण मुंबई किंवा पंजाबप्रमाणे तेथे प्लेग भडकला नाही. याचा उलगडा ओळखीतून झाला. उंदरांवरील पिसू म्हणजे १९०३ मध्ये वर्णिलेली, चिऑप्स या इजिप्तच्या राजावरून नाव मिळालेली ‘झेनोप्सायला चिऑपिस’ हीच जात, असे सर्वत्र गृहीत धरले जात होते. कोलंबो येथे फेबियन हर्स्ट यांनी १९१३ मध्ये तेथील उंदरांच्या पिसवा सूक्ष्मदर्शकाखाली काळजीपूर्वक पाहिल्या, तेव्हा त्यांतील पुष्कळ पिसवा ‘झेनोप्सायला अ‍ॅस्टिया’ या वेगळ्या जातीच्या आढळल्या. दोन्ही दिसावयास जवळजवळ सारख्या. भेद होता तो नराच्या शरीराच्या टोकाकडील सूक्ष्म भागांत व मादीच्या शुक्रकोशाच्या आकारात. पुढे मद्रासच्या पिसवांतही याच दुसऱ्या जातीचे प्राबल्य दिसून आले.

चिऑपिस पिसवेच्या अन्नमार्गात प्लेगचे जंतू वाढून मार्ग तुंबतो. भुकेलेली पिसू वारंवार चावते व प्रत्येक वेळी जंतू जखमेत ओकते, हे बॅकट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये दाखविले. अ‍ॅस्टियामध्ये असे तुंबणे कमी होते. म्हणून प्लेग पसरविण्यास ती दुबळी ठरते. अशा रीतीने, डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन पिसवांतील भेद कळला तेव्हाच एक शहर का वाचले आणि दुसरे का होरपळले, हे समजण्याची दिशा मिळाली.

यातून निघणारा व्यावहारिक नियम आजही तितकाच महत्त्वाचा आहे. उंदीर मेला की त्याच्या थंड शरीरावरील पिसवा नवे रक्त शोधतात. म्हणून जेथे उंदीर आपोआप मरून पडू लागले आहेत तेथे घाईने आणखी उंदीर मारणे अनर्थकारक ठरू शकते. आधी पिसवांचा नाश करावा, मग उंदरांचा. मेलेल्या उंदराला उघड्या हाताने स्पर्श न करता आरोग्य खात्यास तत्काळ कळवावे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावातून उंदीर पडल्याची व पिसवांच्या उपद्रवाची वार्ता आली, आणि त्यानंतर सप्टेंबरमध्ये सुरत शहरात प्लेगची साथ उद्भवली. प्लेग दुर्मीळ झाला आहे. परंतु त्याची खूण विसरण्याजोगी नाही.

ओळख पटल्यानंतर

ओळख पटली की तीन प्रश्न विचारावेत : हा जीव घरात कोठून येतो, काय खातो आणि कोठे लपतो? या तिहींची उत्तरे मिळाली तर निम्मे काम विषाविना होते. फट बुजविणे, अन्न झाकणे, कोरडेपणा राखणे व अडगळ काढणे हे चार उपाय बहुतेक सर्व उपद्रवांना लागू पडतात.

विष वापरणे अपरिहार्य झाले तर ते कोणते आहे हे वेष्टनावर वाचून समजून घ्यावे. झिंक फॉस्फाइड, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड व पिवळा फॉस्फरस यांवर कोणताही खास उतारा उपलब्ध नाही. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा प्राण घेतो. राहत्या घरात त्या कधीही ठेवू नयेत. रक्त न गोठू देणाऱ्या उंदीरविषावर ‘के’ जीवनसत्त्व हा उतारा आहे. पण वैद्याला विषाचे नाव कळले तरच तो वेळेवर देता येतो. म्हणून वेष्टन फेकून न देता जपून ठेवावे. कोणतेही विष खाद्यपदार्थांच्या बाटलीत भरू नये. डांबराच्या गोळ्याही मुलांना खाऊसारख्या दिसतात, हे विसरू नये.

शाळांना या विषयाचा अभ्यास अल्प खर्चात करता येईल. वाटोळ्या भोकांचे मूग, पोकळ तांदूळ, वाळवीने बांधलेल्या नळीचा तुकडा, गळलेले पंख, रुपेरी कसरीने खरवडलेला कागद अशा वस्तू लहान काचनळ्यांत ठेवून, त्यांवर तारीख, जागा व नाव लिहिलेली चिठ्ठी लावावी. एका वर्षात वर्गाजवळ आपल्या गावच्या घरांतील उपद्रवी जीवांचा उत्तम संग्रह जमेल. मृत उंदीर, लेंड्या व पिसवा मात्र विद्यार्थ्यांनी गोळा करू नयेत. पुढच्या खेपेस कोठीत किडा दिसला म्हणजे घरातील मोठी माणसे औषधाच्या दुकानाकडे वळण्यापूर्वी तो किडा मुलांना दाखवतील आणि तो कोणता हे विचारतील, एवढे झाले तरी हा अभ्यास सार्थकी लागला असे म्हणता येईल.